पाकिटाची मागची बाजू आणि डॉ. कमला सोहोनी

एरवी मी इथे प्रोसेसर, बॅटरी, ॲपच्या परवानग्या असल्या गोष्टी सोप्या करून सांगतो. आजही स्पेसिफिकेशनच वाचायची आहेत, पण फोनची नाही, बिस्किटाच्या पुड्याची. आणि ती वाचता वाचता एका मराठी शास्त्रज्ञ बाईंची गोष्ट सांगायची आहे. वजन कमी करायचं ठरवून 'हेल्दी' लिहिलेल्या वस्तू विकत घेणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी असं मला वाटतं, कारण मी स्वतः त्यातलाच एक होतो.

आरे-वारेला काय झालं

मी मूळचा रत्नागिरीचा, नोकरी पुण्यात. पाच वर्षं खुर्चीत बसून कोड लिहिला आणि वजन ७२ वरून ८९ किलोवर गेलं. वय २८. गेल्या वर्षी तपासणी केली, तेव्हा सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी दिसली. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, वजन उतरवायला सांगितलं. मी घाबरलो आणि आपल्या पिढीला सुचतं तेच केलं: खरेदी. ओट्सची बिस्किटं, मल्टिग्रेन चिप्स, साखर न घातलेला ज्यूस. दोन महिन्यांनी वजन केलं तर ९० किलो.

मे महिन्यात घरी गेलो होतो. एका संध्याकाळी आईला स्कूटरवर बसवून आरे-वारेला गेलो. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: रत्नागिरीहून समुद्राच्या कडेकडेने गणपतीपुळ्याला जाणारा रस्ता एका टेकडीवर चढतो आणि तिथून दोन्ही बाजूंचे लांबच लांब किनारे एकदम दिसतात. एक आरे, एक वारे. आम्ही वाळूवर बसलो. सूर्य बुडेपर्यंत मी ओट्सच्या बिस्किटांचा १५० ग्रॅमचा पुडा एकट्याने संपवला. अपराधी वगैरे काही वाटलं नाही, कारण ओट्स!

आई बघत होती. फोन घ्यायचा तर पंधरा दिवस तुलना करतोस, आणि पोटात घालतोस ते साधं उलटूनही बघत नाहीस, असं ती म्हणाली. मी पुडा उलटा केला. अक्षरं मुंगीएवढी. फोनने फोटो काढला, झूम केला. दर १०० ग्रॅमला ४७६ किलोकॅलरी. म्हणजे मी खाल्लेल्या पुड्यात ७१४. घटकांच्या यादीत पहिला मैदा, मग पामतेल, मग साखर. ओट्स होते, ६ टक्के.

परत येताना आई सांगत होती की मुंबईच्या लोकांना आरे म्हटलं की आधी दूधच आठवतं, आपला किनारा नाही. रात्री सहज त्या आरेच्या दुधाबद्दल शोधायला लागलो. गोरेगावची दूध वसाहत, तिथला जुना दूध प्रकल्प, आणि त्या प्रकल्पाला सल्ला देणाऱ्या एका बाईंचं नाव: डॉ. कमला सोहोनी. चेहरा ओळखीचा वाटला. मग आठवलं, १८ जून २०२३ ला गुगलच्या होमपेजवर त्यांचं डूडल होतं. त्या दिवशी मी ते बघून पुढे गेलो होतो. या वेळी वाचत बसलो.

बंगळूरचा दरवाजा

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म १९११ साली इंदूरला. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या सख्ख्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. त्यामुळे १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्यावर कमलाबाईंनी तिथेच अर्ज केला. गुण उत्तम होते. तरी अर्ज नामंजूर झाला.

संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. नोबेल मिळून तीनच वर्षं झाली होती. नकाराचं कारण एकच: अर्ज करणारी मुलगी होती. बाईने संशोधन करावं हे त्यांना पटत नव्हतं.

कमलाबाई बंगळूरला गेल्या आणि त्यांच्या कार्यालयाबाहेर सत्याग्रहाला बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी मानल्या जाणार नाहीत. संचालकांची खात्री पटल्याशिवाय त्यांच्या कामाला मान्यता नाही. आणि त्यांच्या असण्याने पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. हा अपमान होता आणि तो अपमानच आहे हे त्यांनी पुढे स्पष्ट सांगितलं. पण त्या वेळी त्यांनी अटी मान्य केल्या आणि कामाला लागल्या.

काम काय होतं? दूध आणि डाळी-कडधान्यांमधली प्रथिनं. श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली त्यांनी ते वर्ष काढलं. वर्ष संपताना रामन यांची खात्री पटली, त्यांना नियमित प्रवेश मिळाला आणि संस्थेचं दार पुढच्या मुलींसाठीही उघडलं. १९३६ साली कमलाबाई विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. झाल्या.

इथे मी वाचताना थांबलो. आज आपण पुड्यावर प्रोटीन ८ ग्रॅम असं वाचतो आणि पुढे जातो. एकेका धान्यात, एकेका डाळीत प्रथिनं किती, कोणती आणि त्यातली अंगी लागतात किती, हे कुणीतरी प्रयोगशाळेत बसून मोजत होतं. आपल्या डाळींसाठी ते मोजणाऱ्यांत एक मुलगी होती, जिला आत यायलाच आधी भांडावं लागलं.

केंब्रिज, बटाटा आणि तुमची बॅटरी

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. न्यूनहॅम कॉलेज आणि सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा. जीवनसत्त्वांच्या कामासाठी नोबेल मिळालेले हेच हॉपकिन्स. तिथे डेरेक रिक्टर आणि मग रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करताना कमलाबाईंनी बटाट्यावर प्रयोग केले आणि वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे प्रथिन असतं हे दाखवलं. प्रबंध फक्त ४० पानांचा. १९३९ साली पीएच.डी. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचा उल्लेख होतो.

सायटोक्रोम सी म्हणजे काय, हे आपल्या भाषेत सांगतो. अन्नातली ऊर्जा शरीर एकदम जाळत नाही. पेशीत इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे पास होत जातात आणि टप्प्याटप्प्याने ऊर्जा सुटते. त्या साखळीतली एक कडी म्हणजे सायटोक्रोम सी. फोनच्या सर्किटमधून करंट फिरतो, साधारण तसंच. बटाट्यातही तेच, तुमच्या-माझ्यातही तेच.

आता एक हिशेब करू, म्हणजे कॅलरी हा शब्द डोक्यात पक्का बसेल. तुमच्या फोनची बॅटरी ५००० एमएएच असेल, तर पूर्ण चार्जमध्ये साधारण १९ वॉट-अवर ऊर्जा मावते. ती किलोकॅलरीत बदलली तर जेमतेम १६-१७ भरते. एक चमचा साखर, म्हणजे सुमारे ४ ग्रॅम, तिच्यात १६ किलोकॅलरी असतात. म्हणजे फोनचा पूर्ण चार्ज बरोबर एक चमचा साखर! मी आरे-वारेला संपवलेला पुडा ७१४ किलोकॅलरीचा होता. तेवढ्यात माझा फोन ४० हून जास्त वेळा फुल चार्ज झाला असता. फरक एवढाच की फोन १०० टक्क्यांवर थांबतो. आपलं शरीर थांबत नाही, उरलेलं चरबी म्हणून साठवतं.

कुन्नूर: आकडे कुठून आले

केंब्रिजहून परत आल्यावर कमलाबाई दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजमध्ये जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या. तिथून कुन्नूरच्या न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीत सहायक संचालक. जीवनसत्त्वांवर काम.

कुन्नूर हे निलगिरीतलं गाव आपल्या गोष्टीत महत्त्वाचं आहे. भारतीय अन्नपदार्थांत काय किती असतं याचे तक्ते याच प्रयोगशाळेतून १९३७ साली डब्ल्यू. आर. ॲक्रॉइड यांनी प्रसिद्ध केले होते. ही प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था, म्हणजे एनआयएन झाली. याच संस्थेने २०१७ साली ५२८ भारतीय पदार्थांचे नवे तक्ते काढले. तुमच्या फिटनेस ॲपमध्ये ज्वारी किंवा तूरडाळ टाकल्यावर जो आकडा येतो, तो अशाच कुठल्यातरी तक्त्यातून आलेला असतो.

कॅलरीचा आकडा काढायची रीत मात्र अमेरिकेची. विल्बर ॲटवॉटर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात एक बंद खोलीएवढं यंत्र बांधलं. त्यात माणूस कित्येक दिवस राहायचा, खायचा, झोपायचा, आणि त्याच्या शरीरातून किती उष्णता बाहेर पडते ते मोजलं जायचं. त्या कामातून आलेले तीन आकडे आज जगभर वापरतात. १ ग्रॅम प्रथिनं ४ किलोकॅलरी, १ ग्रॅम कर्बोदकं ४, १ ग्रॅम फॅट ९.

माझ्या पुड्यावर लावून बघा. दर १०० ग्रॅमला प्रोटीन ८ ग्रॅम, कार्बोहायड्रेट ६६ ग्रॅम, फॅट २० ग्रॅम. ८ गुणिले ४ म्हणजे ३२. ६६ गुणिले ४ म्हणजे २६४. २० गुणिले ९ म्हणजे १८०. बेरीज ४७६. जुळलं! वजनाने फॅट फक्त पाचवा भाग, पण कॅलरीत तिसऱ्या भागाहून जास्त. म्हणून वजन कमी करताना तेलाचा चमचा मोजावा लागतो. तेलाच्या पिशवीवर कोलेस्टेरॉल शून्य असं ठळक लिहिलेलं असतं. वनस्पतीच्या तेलात ते नसतंच. पण कुठलंही तेल घ्या, १०० ग्रॅमला ९०० किलोकॅलरी.

मुंबई: वाल आणि लेबलला न दिसणारी गोष्ट

कुन्नूरला पुढे जाण्याची वाट स्पष्ट दिसेना. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि कमलाबाई मुंबईत आल्या. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्या जीवरसायनाच्या प्राध्यापक झाल्या आणि पुन्हा आपल्या जुन्या विषयाकडे वळल्या: कडधान्यं.

इथे आम्हा कोकणातल्या लोकांचा विषय येतो. वाल! वालात प्रथिनं भरपूर. पण कच्च्या वालात एक पदार्थ असतो, जो आपल्या पोटातल्या ट्रिप्सिन नावाच्या पाचकरसाला अडवतो. ट्रिप्सिनचं काम प्रथिनं तोडण्याचं. तेच अडलं तर प्रथिनं पोटात जाऊनही पुरती अंगी लागत नाहीत. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय पदार्थांमधल्या अशा अडथळ्यांचा शोध घेतला. वालातला हा पदार्थ शुद्ध स्फटिकरूपात वेगळा केल्याचा त्यांचा निबंध १९५५ साली नेचर या नियतकालिकात छापून आला.

हे वाचलं तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात वाल भिजत होते. आई ते भिजवते, मोड आणते, एकेक सोलते आणि मग शिजवते. दोन दिवस जातात. लहानपणी सोलायला बसवायची म्हणून मी वैतागायचो. पण मोड आल्याने हा अडथळा कमी होतो आणि नीट शिजवल्यावर बराचसा नाहीसा होतो. बिरड्याच्या या खटपटीमागे चवीबरोबर पचनही होतं.

लेबलसाठी यातून शिकायचं ते असं: पुड्यावरचं प्रोटीन म्हणजे पुड्यातलं प्रोटीन, शरीराला मिळालेलं नव्हे. म्हणून चिप्सवर हाय प्रोटीन लिहिलंय म्हणून चिप्स खाऊ नका. शिजवलेली डाळ, उसळ, अंडं, मासा, दही यांना लेबल नसलं तरी ते तुमचं पोट जास्त वेळ भरलेलं ठेवतात, आणि वजन उतरवताना खरी लढाई भुकेशीच असते.

आरेचं दूध: अर्ध्या लिटरचा हिशेब

याच काळात कमलाबाई आरे दूध प्रकल्पाच्या सल्लागार होत्या. दुधाची प्रत सुधारणं आणि ते नासू नये म्हणून काय करायचं, हे त्यांचं काम. वाड्यावरचं दूध घरी येण्याऐवजी तपासलेलं, ठरावीक फॅटचं दूध शहराला मिळणं, हा तेव्हा केवढा मोठा बदल होता!

आज दुधाच्या पिशवीवर टोन्ड, डबल टोन्ड, फुल क्रीम असे शब्द असतात. त्यामागे नियम आहेत. फुल क्रीममध्ये किमान ६ टक्के फॅट, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये १.५. अर्धा लिटर फुल क्रीममध्ये साधारण ३० ग्रॅम फॅट, टोन्डमध्ये १५. फरक १५ ग्रॅमचा, म्हणजे १३५ किलोकॅलरी. प्रथिनं जवळपास तेवढीच. रोज अर्धा लिटर दूध पिणाऱ्याने फक्त पिशवी बदलली तरी रोजच्या १३५ किलोकॅलरी कमी. उपाशी राहायला नको, की जिमची फी भरायला नको. मी पुण्यात परत गेल्यावर पहिलं काम हेच केलं.

नीरा: आकडा कुणासाठी?

कमलाबाईंचं सगळ्यात गाजलेलं काम नीरेवरचं. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतलं. त्यांना नीरेत क जीवनसत्त्व, लोह अशी पोषकद्रव्यं सापडली. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बायका यांच्या आहारात नीरा आल्यावर त्यांची तब्येत सुधारल्याचं त्यांच्या कामातून दिसलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

आता मी काय केलं असतं? हे वाचून, नीरा पौष्टिक असते म्हणून रोज दोन ग्लास प्यायला सुरुवात केली असती. पण नीरा गोड असते, तिच्यात साखर असते. हाडं दिसणाऱ्या मुलासाठी ती ऊर्जा म्हणजे जीवदान. ९० किलोच्या, दिवसभर बसून काम करणाऱ्या माझ्यासाठी तीच ऊर्जा जास्तीची. पेय एकच, लेबल एकच, उत्तर वेगवेगळं. कमलाबाईंनी नुसतं नीरेत काय आहे एवढं मोजलं नाही, ती कुणाला द्यायची हेही बघितलं. मला त्यांच्या सगळ्या कामातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

आपल्या लेबलवर रोजच्या गरजेचे टक्के दिलेले असतात, ते २००० किलोकॅलरी धरून. पण एनआयएनच्या २०२० च्या अहवालानुसार बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाची गरज साधारण २११० आणि ५५ किलोच्या बाईची १६६० आहे. म्हणजे तुमच्या ताईसाठी पुड्यावरचे १० टक्के प्रत्यक्षात १२ असतात. टक्के वाचताना आधी विचारा: कुणाचे?

जे लेबल त्यांनी पाहिलं नाही

इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालकपदावर कमलाबाईंचा हक्क होता. ते पद त्यांना मिळालं, पण चार वर्षं उशिरा. कारण पुन्हा तेच, बाई असणं. बंगळूरच्या दाराबाहेर बसल्यापासून इतकी वर्षं गेली होती आणि दार तसंच होतं.

निवृत्तीनंतर त्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या कामात रमल्या. १९६६ साली मुंबईत नऊ महिलांनी सुरू केलेली ही ग्राहक संघटना. १९८२-८३ मध्ये कमलाबाई तिच्या अध्यक्ष होत्या आणि कीमत या संस्थेच्या मासिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत होत्या. केंब्रिजची पीएच.डी. असलेली शास्त्रज्ञ, दुकानात उभ्या असलेल्या सामान्य बाईला काय बघून घ्यावं हे सांगत होती. त्या काळी अन्नभेसळीचा कायदा होता, पण पाकिटात किती कॅलरी, किती साखर, हे छापायची सक्ती नव्हती.

२८ जून १९९८ ला त्या गेल्या. दिल्लीत आयसीएमआरने त्यांचा सत्कार ठेवला होता, त्या समारंभातच त्या कोसळल्या. पाकिटावर पोषणाची माहिती छापणं भारतात सक्तीचं झालं त्यानंतर साधारण दहा वर्षांनी. पुढे एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांनी ॲडेड शुगर वेगळी दाखवणं आणि रोजच्या गरजेचे टक्के देणं आलं.

लेबलचा शोध कमलाबाईंनी लावला असं मी म्हणत नाही. पण अन्न मोजायचं, ते माणसाशी जोडून बघायचं आणि ती माहिती गिऱ्हाइकापर्यंत न्यायची, ही तिन्ही कामं त्यांनी केली. पुड्याची मागची बाजू म्हणजे याच कामांची बेरीज. कंपनीने आपल्यावर केलेली ती मेहरबानी नाही. ती आपल्या हक्काची आहे, आणि आपण ती न वाचता कचऱ्यात टाकतो.

आता तुमचा फोन काढा

पुढच्या वेळी दुकानात गेलात की एवढं करा. एका पुड्याला अर्धं मिनिट लागतं.

१. मागची बाजू, कॅमेरा, झूम. समोरच्या बाजूला जाहिरात असते, मागच्या बाजूला माहिती. अक्षर बारीक असेल तर फोटो काढून मोठं करा. इंग्रजी अडत असेल तर गुगल लेन्सने मराठीत भाषांतर होतं.

२. आधी पुड्याचं वजन बघा. आकडे बहुतेक वेळा दर १०० ग्रॅमचे असतात. सर्व्हिंग ३० ग्रॅम लिहिलेलं असेल आणि पुडा १५० ग्रॅमचा असेल, तर त्यात पाच सर्व्हिंग झाली. तुम्ही खरोखर किती खाणार त्याने गुणा.

३. तुलना मात्र दर १०० ग्रॅमवरच करा. दोन कंपन्यांची सर्व्हिंग वेगळी असू शकते. १०० ग्रॅम सगळ्यांचं सारखं.

४. ॲडेड शुगर आणि सोडियम. लेबलच्या हिशेबात दिवसाला ॲडेड शुगर ५० ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम धरतात. माझ्या पुड्यात दर १०० ग्रॅमला १८ ग्रॅम ॲडेड शुगर होती. पूर्ण पुड्यात २७. दिवसाच्या मर्यादेच्या अर्ध्याहून जास्त, सूर्य बुडायच्या आत!

५. घटकांची पहिली तीन नावं. जो घटक जास्त तो आधी, असा नियम आहे. कोकणातलंच उदाहरण घ्या. कोकम सिरपच्या बाटलीवर बघा, बहुधा पहिली साखर दिसेल. कोकम आगळात साखर नसते, पण मीठ असतं, म्हणजे सोडियम. वजनासाठी आगळ बरं, बीपी असेल तर तेही बेतानेच.

६. साखर घातलेली नाही म्हणजे गोड नाही असं नव्हे. फळांच्या रसात स्वतःची साखर असतेच. टोटल शुगर्सची ओळ वाचा.

७. ॲप वापरा, पण डोळे मिटून नाही. ओपन फूड फॅक्ट्स हा मोफत, खुला डेटाबेस आहे. बारकोड स्कॅन केला की माहिती दिसते, आणि वस्तू यादीत नसेल तर तुम्ही स्वतः फोटो टाकून भरू शकता. ती माहिती लोकांनी भरलेली असते, त्यामुळे हातातल्या पुड्याशी ताडून बघा. जाता जाता: बारकोड ८९० ने सुरू झाला म्हणजे माल भारतात बनला असं नाही. कंपनीने तो नंबर भारतातल्या संस्थेकडून घेतला, एवढाच त्याचा अर्थ.

आणि एक गोष्ट मनापासून. आकड्यांचं वेड लावून घेऊ नका. प्रत्येक घासाला कॅल्क्युलेटर काढलात तर जेवणाचं सुख जाईल, आणि उपाशी राहून उतरवलेलं वजन टिकत नाही. डायबिटीस, किडनीचा त्रास, गरोदरपण असेल तर डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांशी बोलूनच बदल करा. लेबल बाजारातल्या वस्तूंसाठी आहे. आईच्या हातच्या बिरड्याला ते लावायला जाऊ नका. मी एकदा प्रयत्न केला, पुढचे दोन दिवस वाल मलाच सोलावे लागले.

माझं वजन आता ८४ आहे. सहा महिन्यांत सहा किलो. जाहिरातीतल्या आकड्यांपुढे हे काहीच नाही, पण हे कुठल्या 'हेल्दी' पुड्याने नाही केलं. दुधाची पिशवी बदलली, ज्यूस बंद केला, संध्याकाळच्या बिस्किटांच्या जागी भाजलेले चणे आणि ताक आणलं आणि जेवणानंतर चालायला लागलो. पुढच्या महिन्यात पुन्हा सोनोग्राफी आहे. धाकधूक आहे, पण आता निदान पोटात काय जातंय ते मला माहीत असतं.

परवा पुन्हा आरे-वारेला गेलो होतो. पावसाळ्यात तिथला समुद्र फार धोक्याचा. पाण्यात उतरू नका अशी पाटी होती. पाटी कुणाला हात धरून मागे ओढत नाही. ती फक्त सांगते, थांबायचं आपण असतं. मी पाटी वाचली, मागे वाळूवर येऊन बसलो आणि पिशवीतून चण्यांचा पुडा काढला. उघडायच्या आधी उलटून बघितला. आई हसली.

तुमच्या घरात या क्षणी जो पुडा उघडा पडलाय, तो एकदा उलटून बघा. पहिले तीन घटक कोणते निघाले?